हाक मारायची तर कुणाला

अल्मा रस्ता जिथे नवव्या गल्लीला छेदतो, तिथे सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी व्हर्नेल टिब्ज येऊन उभी राहते. तेवीस वर्षं झाली या नेमाला. ओहायो नदीवरून चढलेलं धुकं अजून घरांच्या पायऱ्यांवर बसलेलं असतं, गार्नेट शाळेच्या खिडक्यांत दिवे लागत असतात, आणि व्हर्नेल ‘थांबा’ लिहिलेली लाल पाटी काखेत धरून हातमोजे चढवत असते. उजवा आधी, मग डावा. मोजे पांढरेशुभ्र. शहराने दिलेले मोजे दुसऱ्या धुण्यालाच राखी पडतात, म्हणून हे तिने स्वतःच्या पैशाने आणलेले.

उंचीने बेताची, अंगाने भक्कम, वय सहासष्ट. एक गुडघा कुरकुरतो. पण ती पाटी उचलून रस्त्याच्या मध्यावर गेली, की खडी वाहणारा ट्रकसुद्धा शिकवलेल्या बैलासारखा जागच्या जागी थांबतो. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या राखणदार म्हणून नवीन बायका कामावर आल्या की त्यांना तिच्याकडे शिकायला पाठवतात. ती त्यांना सांगते, “गाडीकडे बघायचं नाही. गाडीला काय कळतंय? चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. डोळे तुझ्याकडे नसतील तर पाय खाली टाकायचा नाही, मग मागे शंभर पोरं का खोळंबेनात.” आणि पोरं मोजायची ती बुटांवरून. डोकी हलतात, टोप्या सारख्याच असतात. बूट मात्र प्रत्येकाचे वेगळे.

तेवीस वर्षांत त्या चौकात एका मुलाला खरचटलेलं नाही. हे ती कधी बोलून दाखवत नाही. आमच्या कॅल्डर शहरात तिच्या हाताखालून रस्ता ओलांडलेली पोरं आता स्वतःची पोरं तिच्या हाती देतात, आणि तीही अजून तिला ‘मिस व्हर्नेल’च म्हणतात.

चौकापासून चार घरांवर तिचं घर. तिथे ती आणि तिचा धाकटा भाऊ थॅडियस. आईवडील गेले, व्हर्नेलचा नवरा गेला, मुली लांब अटलांटाला. ही दोघं राहिली.

थॅडियस इस्त्रीवाला. धुलाईच्या कारखान्यात बत्तीस वर्षं वाफेच्या इस्त्रीवर उभा राहिलेला. माउंट नेबो चर्चच्या गाणाऱ्या मंडळींचे झगे तो घरी आणायचा, आणि त्यांच्या चुण्या अशा पाडायचा की रविवारी सगळे एकदम उठले तर पिकलेल्या शेतावरून वारा गेल्यासारखं दिसायचं. त्याला आवाज ऐकू येतात. लहानपणापासून नाही, पंचविशीनंतर. तो त्यांना ‘वरच्या मजल्यावरचे भाडेकरू’ म्हणतो. घराला वरचा मजला नाही.

“आज कसे आहेत भाडेकरू?” व्हर्नेल सकाळी विचारते.

“झोपलेत. हळू बोल,” तो म्हणतो, किंवा, “सामान हलवतायत. काहीतरी बेत दिसतोय.”

गोळ्या चालू असल्या की भाडेकरू शांत. कधी औषध बदलतं, कधी तो स्वतःच सोडतो, आणि मग आठवडा-दोन आठवडे घरावर ढग उतरतो. तो खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवायला लागतो. ती पहिली खूण.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत असंच झालं. सगळ्या खिडक्या कागदांनी भरल्या, थॅडियस स्वयंपाकघरात शिरला आणि दार लावून बसला. दोन दिवस अन्न नाही, पाणी नाही. आतून तो कुणाशी तरी हुज्जत घालतोय, मधेच रडतोय. व्हर्नेल घाबरली. तिने तातडीच्या मदतीचा नंबर, नऊ-एक-एक, फिरवला. म्हणाली, “माझा भाऊ आजारी आहे, डॉक्टर पाठवा.” पलीकडच्या बाईने विचारलं, त्याच्या हातात काही आहे का. व्हर्नेल खरं बोलणारी बाई. ती म्हणाली, “पडद्याची दांडी आहे बहुतेक.”

तेवढ्यावर दोन पोलीस आले. कोवळी पोरंच होती, त्यातला एक तर तिच्याच चौकातून शाळेत गेलेला. दार फोडलं. दोघं एकदम ओरडायला लागले, एक म्हणे खाली टाक, दुसरा म्हणे हलू नकोस. डोक्यात आधीच गर्दी असलेल्या माणसाने कुणाचं ऐकायचं? त्याला जमिनीवर दाबताना डावं कोपर मोडलं आणि मनगटही. अकरा दिवस तो तुरुंगात होता. नंतर आरोप मागे घेतले, कागदावर सही घेतली आणि सोडून दिलं. हाड जुळलं, पण हाताची मूठ वळेना. डाव्या हाताने कापड ताणून धरल्याशिवाय चुणी पडत नाही.

व्हर्नेल त्या पोरांना शिव्या देत नाही. ती म्हणते, “दाढ दुखते म्हणून लोहाराला बोलावलं, तर तो पकड घेऊनच येणार. चूक लोहाराची नाही. गावात दुसरं कुणी ठेवलंच नाही.” पण फोन आपण केला, हे ती विसरली नाही. त्यानंतर दोनदा खिडक्यांवर कागद चढले, आणि दोन्ही वेळा तिने कुणालाही बोलावलं नाही. त्याच्या दाराला पाठ लावून ती बसून राहिली, पहिल्या वेळी तीन दिवस, दुसऱ्या वेळी पाच. चौक दुसऱ्या बाईवर सोपवून. तेवीस वर्षांतल्या तिच्या रजा म्हणजे हे आठ दिवस.

मग पोलिसांच्या जुलमाविरुद्ध रस्त्यारस्त्यांवरून मोर्चे निघाले ते वर्ष आलं आणि गेलं. घोषणांच्या पाट्या लोकांच्या तळघरात गेल्या. आमच्या वस्तीत मात्र त्यातून एक गोष्ट उरली. माउंट नेबोच्या तळघरात दर गुरुवारी दहाबारा माणसं जमू लागली. त्यांना जमवणारी केओना ब्रिग्ज, फुकट दवाखान्यातली परिचारिका, वय एकोणतीस, बोलणं भराभरा, कॉफी पिणं त्याहून भराभरा. तिची मागणी सोपी होती. एक गाडी. गाडीत एक परिचारिका आणि बिथरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते शिकलेला एकजण. बंदूक नाही, बेड्या नाहीत. नऊ-एक-एकपेक्षा वेगळा नंबर. दुसऱ्या काही शहरांत असं चालू आहे. खर्च वर्षाला नऊ लाख डॉलर, आणि ते पोलिसांच्या खात्यातून वळवायचे, कारण आज या हाका त्याच खात्यात पडतात.

“पण कुठल्या रकान्यातून?” केओना म्हणाली. “नगरसभेत रकान्याचं नाव सांगावं लागतं. नुसतं ‘पोलिसांचे पैसे कमी करा’ म्हटलं तर पोलिसांची संघटना दारातच आडवी पडेल.”

बरीच चर्चा झाली. शेवटी एक रकाना सापडला. ‘गणवेशाबाहेरची पदं’. सगळ्यांना वाटलं, कचेरीत बसणारे टंकलेखक असतील, वर्षानुवर्षं न भरलेल्या जागा असतील. एकाही पोलिसाची नोकरी जाणार नाही, मग संघटनेला ओरडायला तोंड राहणार नाही. केओनाने हात वर करायला सांगितले. व्हर्नेल दुपारची पाळी संपवून थेट आली होती. तिने वर केलेल्या हातात अजून पांढरा मोजा होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोलीस खात्याचं पाकीट आलं. शहरातल्या सव्वीस राखणदारांना एकाच दिवशी. नगरसभेने मान्य केलं, की एक जानेवारीपासून त्यांची कामं बंद. कारण एका वाक्यात दिलं होतं. नगरसभेपुढे आलेल्या मागणीप्रमाणे ‘गणवेशाबाहेरची पदं’ या रकान्यातून नऊ लाख काढायचे झाले, तर त्या रकान्यात शाळेच्या चौकांतले राखणदारच आहेत.

व्हर्नेलने ते पायरीवर बसून दोनदा वाचलं. तिच्या अंगातल्या कोटावर ‘शाळा सुरक्षा’ लिहिलेलं. पगाराच्या चेकवर शहराचं नाव. तेवीस वर्षं ती स्वतःला शाळेची समजत होती. आम्हीही तेच समजत होतो. पोलिसांच्या वहीत आपलं नाव आहे, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तेही आपणच हात वर करून ते खोडल्यावर.

संध्याकाळी अर्लीन मूडी आली. नदीकडच्या सहाव्या गल्लीच्या चौकातली राखणदार, व्हर्नेलची चाळीस वर्षांची मैत्रीण. तिच्या हातात पीच घातलेल्या गोड पावाची थाळी होती. आमच्याकडे भांडायलासुद्धा कुणी रिकाम्या हाताने जात नाही.

“हे घे,” अर्लीन म्हणाली. “साखर कमी आहे. आता परवडणार नाही ना आम्हाला.”

“बस, अर्लीन.”

“बसत नाही. त्या तळघरात सभा कसल्या चालतात ते मला विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हटलं, व्हर्नेल शहाणी आहे. शहाणीने सव्वीस बायकांच्या मानेवर सुरी फिरवली, आणि वरून स्वतः हात वर केला.”

“त्यात माझी पण मान आहे.”

“तुझी मान तू दे. माझी का देतेस? मला चार नातवंडं आहेत घरात.”

आतल्या खोलीतून थॅडियस म्हणाला, “अर्लीन, तू ओरडतेस ते आमच्या वरच्यांनाही ऐकू जातंय.”

“त्यांनाही सांग मग,” अर्लीन म्हणाली, पण आवाज थोडा खाली आला. थाळी टेबलावर ठेवून ती गेली. व्हर्नेलने खिडकीकडे पाहिलं. वरच्या काचेच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राचा हाताएवढा तुकडा चिकटवलेला होता. काल तो नव्हता.

गुरुवारी तळघरात केओना रडवेली होऊन बसली होती. “मॅम, आपण मागणी परत घेऊ. सुनावणीला बारा दिवस आहेत. आपण मुलांचे रक्षक काढायला निघालोय असं सगळीकडे झालंय. पुढच्या वर्षी नीट तयारी करून येऊ.”

“पुढच्या वर्षी,” व्हर्नेल म्हणाली.

“हो मॅम.”

“पोरी, माझ्या घरात खिडक्यांवर कागद चढायला लागलेत. पुढच्या वर्षापर्यंत ते थांबतील असं तू मला लिहून देतेस?”

केओनाने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

“मग मागणी तशीच राहील. रकाना बदलेल. ते जाडं पुस्तक कुठे मिळतं, ज्यात शहराचा सगळा पैसा लिहिलेला असतो?”

“ग्रंथालयात एक प्रत आहे. चारशे पानं आहेत, मॅम. मला स्वतःला त्यातलं निम्मं कळत नाही.”

“मला बायबलातलं लेवीयचं पुस्तकही कळलं नव्हतं,” व्हर्नेल म्हणाली. “तरी शेवटपर्यंत वाचलं.”

सकाळची पाळी साडेआठला संपते, दुपारची दोन पस्तीसला सुरू होते. मधल्या वेळेत ती ग्रंथालयात जाऊन बसू लागली. लाल पाटी खुर्चीला टेकवून ठेवायची, चष्मा पुसायची, आणि ओळीखाली लाकडी पट्टी धरून वाचायची. वेगाने वाचणारी ती नाही. शाळा दहावीपर्यंत. पण ज्या बाईने तेवीस वर्षं प्रत्येक गाडी थांबवून तिच्या चालकाच्या डोळ्यांत बघितलं आहे, ती आकड्यालाही तसाच थांबवते. कुठून आलास, कुठे चाललास. रोज साठ पानं. दुपारी घरी धाव, थॅडियसला सूप, एक नजर खिडकीवर. एका तुकड्याचे तीन झाले होते.

पाचव्या दिवशी दोनशे एक्क्याण्णवाव्या पानावर तिची पट्टी थांबली आणि बराच वेळ थांबून राहिली. ग्रंथालयातली बाई नंतर सांगत होती, मला वाटलं हिला झोप लागली. त्या पानावर पोलिसांच्या जादा तासांचा हिशेब होता, आणि त्यात एक ओळ. ‘शाळा परिसर बंदोबस्त, सव्वीस चौक, दोन्ही वेळा. आठ लाख चाळीस हजार.’

म्हणजे प्रत्येक चौकात, मुलं येताना आणि जाताना, जादा पगारावर एक पोलीस उभा असतो. व्हर्नेलने चष्मा काढला. त्या चौकात तिने वारा पाहिला होता, गारा पाहिल्या होत्या, एकदा नदीकडून चुकून आलेलं हरीण पाहिलं होतं. जादा पगारावरचा पोलीस पाहिला नव्हता.

तिने पाहिला नव्हता हे खरं, पण तिचं तोंड म्हणजे पुरावा नव्हे, एवढं तिला कळत होतं. घरी जाताजाता तिला चिठ्ठ्या आठवल्या. राखणदारांना रोज एक छापील चिठ्ठी भरावी लागते. हवा कशी, मुलं अंदाजे किती, काही अपघात, आणि सगळ्यांत खाली एक चौकोन, ‘पोलीस हजर: होय, नाही’. पांढरी प्रत शुक्रवारी कचेरीत जाते, पिवळी प्रत राखणदाराकडे राहते. त्या चौकोनाकडे कुणी कधी पाहिलं नसेल. खूण मात्र रोज करावी लागते, नाहीतर चिठ्ठी परत येते.

व्हर्नेलच्या पिवळ्या प्रती कपाटात बुटांच्या खोक्यांत होत्या, वर्षवार. पण तो एकच चौक. उरलेले पंचवीस चौक ज्यांच्याकडे होते, त्या तिच्याशी बोलत नव्हत्या.

ती अर्लीनच्या दारी गेली. हातात अर्लीनचीच थाळी, धुतलेली, आणि त्यात मक्याचा पाव.

“पिवळ्या चिठ्ठ्या ठेवल्यास?”

“त्यांच्यावर मी कांदे सोलते,” अर्लीन म्हणाली. “का?”

व्हर्नेलने सांगितलं. दारातच उभं राहून, दोनशे एक्क्याण्णवावं पान शब्दाला शब्द.

अर्लीनने एप्रनला हात पुसले. “आठ लाख. माझ्या चौकात उभं राहायचे. मग तो मेला दिसतो कसा नाही? मी त्याला कॉफी तरी दिली असती.”

“तुझ्याकडे किती चिठ्ठ्या आहेत?”

“तळघरात दोन पोती असतील. माझ्या नवऱ्याला काही फेकवत नाही, देवाची कृपा.” ती थांबली. “व्हर्नेल, मी अजून रागावलेली आहे.”

“रहा. पण पोती काढ.”

बाकीच्यांकडे व्हर्नेल एकटी गेली, दिवसाला सहा घरं. काहींनी दार उघडलं नाही. एकीने उघडून तोंडावर लावलं. व्हर्नेल पायरीवर उभी राहून म्हणाली, “मी तुझं काम घालवलं, आता ते परत आणायला तुझीच मदत मागते आहे. मला लाज वाटते. तरी मागते.” आणि पायरी उतरली. त्या बाईने दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या हाती खोकं पाठवलं. सव्वीसपैकी एकोणीस जणींच्या चिठ्ठ्या जमल्या. माउंट नेबोच्या तळघरात, जिथे रविवारी तळलेला मासा आणि हिरवी भाजी वाढतात त्या लांब टेबलांवर, चौकवार ढीग लागले. केओना दोन दिवस दवाखान्याची सुट्टी घेऊन आकडे लिहीत बसली. मधेच ती हसायला लागली. “मॅम, बघा. अर्लीनबाईंनी ‘पोलीस हजर’ या चौकोनापुढे लिहिलंय, ‘स्वप्नात’.”

सुनावणी मंगळवारी, दुपारी चार वाजता. नगरसभेच्या दालनात बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं. समोर तीन छोटे दिवे असतात. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे थांबा. लालनंतरही सगळे बोलतच राहतात, अध्यक्ष हातोडी आपटत राहतात, कॅल्डरची ही जुनी रीत.

राखणदार थेट चौकांतून आल्या. कोट अंगावर, पाट्या हातात. दारावरच्या शिपायाने पाट्या आत नेऊ नका म्हटलं, म्हणून भिंतीला एकोणीस ‘थांबा’ ओळीने उभे राहिले.

नऊ सभासद वर बसले होते. मध्यभागी अध्यक्ष रोझलिंड मॅब्री, करारी बाई, कुणाच्याच बाजूची न वाटणारी. उजवीकडे पोलीसप्रमुख. व्हर्नेलचं नाव पुकारलं गेलं. हिरवा दिवा लागला.

तिने कागद आणला नव्हता. “मी व्हर्नेल टिब्ज, अल्मा रस्ता, नववी गल्ली. ज्या मागणीमुळे माझं काम गेलं, तिला मीच हात वर केला होता. ती चूक माझी. पण मागणी चूक नाही. माझा भाऊ आजारी पडतो. मी मदत मागितली, आणि जी मदत आली तिने त्याचा हात मोडला. त्यानंतर तो दोनदा आजारी पडला, आणि मी कुणाला हाक मारली नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं आजारी माणूस असेल, तर तुम्हीही मारली नसेल.”

वर बसलेल्यांपैकी एकाने कागदात नजर घातली. पिवळा लागला.

“तुमच्या पुस्तकात दोनशे एक्क्याण्णवाव्या पानावर आठ लाख चाळीस हजार डॉलर आहेत. ते माझ्या चौकात पोलीस उभा करण्यासाठी आहेत. आम्ही रोज चिठ्ठी भरतो, तिच्यात एक चौकोन आहे, आणि गेल्या वर्षभरात त्या चौकोनात मी—”

लाल दिवा लागला. व्हर्नेल थांबली. वाक्याच्या मध्यात, शब्द ओठांवर असताना. दालन वाट बघत राहिलं. अध्यक्षबाईंची हातोडी अर्धी उचललेली तशीच राहिली.

“बोला, मिस टिब्ज. वाक्य पुरं करा,” मॅब्री म्हणाल्या.

“लाल आहे, मॅम,” व्हर्नेल म्हणाली. “मी पोरांना काय सांगू मग?” आणि ती खाली जाऊन बसली.

पुढचं नाव अर्लीनचं होतं. ती माईकपाशी गेली, माईक वाकवून तोंडाजवळ घेतला. “अर्लीन मूडी, सहावी गल्ली. ह्या बाईशी मी चौदा दिवस धड बोलत नाहीये, तरी तिचं वाक्य मला ठाऊक आहे. गेल्या वर्षभरात तिने त्या चौकोनात एकशे अठ्ठ्याहत्तर वेळा ‘नाही’वर खूण केली. ‘होय’वर दोनदा. दोन्ही वेळा तो पोलीस तिला पत्ता विचारत होता. आता माझ्या चौकाचं सांगते.”

मग तिसरी आली, मग चौथी. प्रत्येकीने आपला चौक सांगितला, आपले आकडे सांगितले, आणि लाल लागायच्या आत खाली बसली. कुणी भाषण केलं नाही. एकोणीस चौक, एकामागून एक. दालनात इतकी शांतता होती की दिवा बदलताना होणारी बारीक टिकटिक ऐकू येत होती.

पोलीसप्रमुख उठले. थकलेला चेहरा, आवाज सभ्य. “नेमणुका झाल्या होत्या,” ते म्हणाले. “पण माणसं चौकात पोचायच्या आधीच दुसरीकडे ओढली जातात. तास भरले गेले, ते खोटे नाहीत. कुणाच्या घरी आरडाओरडा, कुणी रस्त्यात कपडे काढून उभा, कुणी पुलाच्या कठड्यावर. आमची माणसं कमी, हाका जास्त. मी काय करू?”

मॅब्रीबाईंनी खाली बघितलं. “मिस टिब्ज, प्रमुखांच्या बोलण्यावर तुम्हाला काही म्हणायचं आहे? मी तुम्हाला हिरवा देते.”

व्हर्नेल जागेवरूनच उठली. “ते खरं बोलतात. पुलावरच्या माणसाकडे त्यांचा पोरगा जातो, आणि त्या पोराला तिथे काय बोलायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. मी त्यांचं काम हिसकावायला आले नाही. जे काम त्यांचं नव्हतंच, ते त्यांच्या डोक्यावरून उतरवा म्हणते आहे. त्यांची माणसं मोकळी होतील. माझा भाऊ जिता राहील.” ती बसली. हिरवा अजून चालूच होता.

मतं पडली सहा विरुद्ध तीन. जसं मागितलं तसं मिळालं नाही, ते कधीच मिळत नाही. नऊ लाखांचे सात झाले, आणि ते त्या जादा तासांच्या ओळीतून निघाले. राखणदार शाळांच्या खात्यात गेले आणि त्यांचा आठवड्यातला एक तास कमी झाला. गाडी मिळाली, पण एकच, आणि तीही सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते संध्याकाळी सात.

व्हर्नेलने घरी येऊन थॅडियसला सांगितलं. खिडकीवरचे कागद तोवर पाच झाले होते, पण त्या दिवशी तो हसण्याइतका बरा होता.

“सात ते सात,” तो म्हणाला. “वरच्यांना नोटीस लावायला हवी. गोंधळ घालायचा तर कचेरीच्या वेळेत.”

अर्लीन ख्रिसमसपर्यंत धड बोलली नाही. मग एक दिवस पीचचा पाव घेऊन आली, आणि त्यात साखर पुरेशी होती.

हिवाळा कसाबसा गेला. औषध बदललं, कागद उतरले. मार्चच्या एका गुरुवारी ते पुन्हा चढले, एका सकाळीत सगळ्या खिडक्या. दुपारी व्हर्नेल घरी आली तर स्वयंपाकघराचं दार आतून बंद, आणि आत तो कुणाला तरी हळू आवाजात विनवत होता.

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. फोन बोळातल्या भिंतीवर. नवा नंबर त्याच्या शेजारी मोठ्या अक्षरांत. ती फोनपाशी गेली, हात वर केला, खाली घेतला. चार वर्षांपूर्वी याच जागी ती उभी होती. दोनदा ती दाराशी जाऊन बसली, पाठ टेकवली, जशी आधी बसत असे. मग गुडघा धरून उठली आणि नंबर फिरवला.

“त्याच्या हातात काही आहे का?” पलीकडून विचारलं.

व्हर्नेलने बंद दाराकडे पाहिलं. “मला दिसत नाही,” ती म्हणाली. “पण असेल.”

“ठीक आहे, मॅम. आम्ही सावकाश येऊ.”

वीस मिनिटांत गाडी आली. साधी, निळी, भोंगा नसलेली. उतरली ती केओना. दवाखाना सोडून तिने हेच काम धरलं होतं. सोबत मिस्टर हॉब्ज, साठीचा, जाडजूड, आधी शहराच्या बसवर चालक होता. दोघंही धावत आली नाहीत. हॉब्जने टोपी काढली, स्वयंपाकघराच्या दारापाशी जमिनीवर बसायला त्याला बराच वेळ लागला, आणि बसताना तो मोठ्याने कण्हला.

आतला आवाज थांबला. “कोण आहे तिकडे?”

“रेमंड हॉब्ज. पूर्वी सतरा नंबरची बस चालवायचो.”

“पोलीस आहेस?”

“नाही. माझ्याकडे टूना सॅंडविच आहे आणि पाठ दुखते आहे. इथे बसलो तर चालेल ना?”

आत एक खुर्ची सरकली. मग थॅडियस म्हणाला, “सतरा नंबर नेहमी उशिरा यायची.”

“लोक म्हणतात तसं,” हॉब्ज म्हणाला. “मला नाही पटत. तू कुठे चढायचास?”

व्हर्नेल बोळात उभी होती, भिंतीला हात लावून. घड्याळात दोन वीस. केओना तिच्याजवळ आली, कुजबुजली, “मॅम, तुमची पाळी.”

“आज दुसऱ्या बाईला सांगते.”

“तुम्ही ठरवा. आम्ही सातपर्यंत आहोत. दार आम्ही फोडणार नाही. तो उघडेल तेव्हा उघडेल. आज नाही उघडलं तर उद्या सातला परत येऊ.”

व्हर्नेलने हुकावरचा कोट काढला. तो हातात धरून ती नुसतीच उभी राहिली. दाराच्या या बाजूला एक परका माणूस सॅंडविचचा कागद सोडत होता, त्या बाजूला तिचा भाऊ होता, आणि मध्ये तिची पाठ नव्हती.

दारामागून थॅडियस सतरा नंबरचे थांबे सांगत होता, एकेक करून, पहिल्यापासून. मधेच तो थांबला.

“नेल,” तो म्हणाला. “तू अजून इथेच आहेस का? उशीर होतोय तुला.”

“निघाले,” व्हर्नेल म्हणाली. तिने कोट चढवला, बटणं वरपर्यंत लावली आणि दारापुढच्या पायऱ्या उतरून अल्मा रस्त्याकडे चालायला लागली.